प्रतिध्वनीची मात्रा

गावातील भजनी मंडळ असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो अथवा शहरातील सुगम संगीताची मैफल असो, ध्वनिक्षेपकासमोर बसून पहिला षड्ज लावला की गायकाची मागणी बहुधा एकच असते : ‘जरा इको द्या.’ ध्वनियंत्रणा सांभाळणारा तरुण मिक्सरवरील एक बटण फिरवितो, आवाज एकाएकी भारदस्त वाटू लागतो आणि गायक, वादक व श्रोते असे सारेच संतुष्ट होतात. मात्र त्या बटणामागे नेमके काय घडले, आवाजाची प्रतिकृती किती वेळाने परत आली, किती वेळा आली आणि मूळ स्वराच्या तुलनेत किती बळाने आली, हे विचारण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. तंबोऱ्याची तार केसभर उतरली तरी मैफल थांबवून ती जुळविणारा गायक स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीचा काळ मात्र परक्या हाती निःशंकपणे सोपवून मोकळा होतो. ही विसंगती आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती विसंगती आहे, हेच जाणवेनासे झाले आहे.

या विषयासंबंधी दोन टोकाची मते ऐकू येतात. पहिल्या पक्षाच्या मते यंत्राने आवाजावर केलेला कोणताही संस्कार हा भेसळीचाच प्रकार होय आणि खऱ्या गाण्याने त्यापासून दूरच राहावे. दुसऱ्या पक्षाला यंत्र हे सर्व उणिवांवरचे रामबाण औषध वाटते. वस्तुतः दोन्ही पक्ष एकाच अज्ञानाचे धनी आहेत. विलंबावर आणि स्वरकंपावर आधारलेले हे ध्वनिपरिणाम आज बहुतेक ध्वनिमुद्रणांत आणि असंख्य व्यासपीठांवर हजर आहेत. ते असावेत की नसावेत हा वाद म्हणूनच निरर्थक ठरतो. ते कोणाच्या कानाने आणि कोणाच्या जबाबदारीवर वापरले जावेत, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर संगीतकाराच्या बाजूने द्यावयाचे तर या परिणामांची कार्यपद्धती त्याला ठाऊक असणे अपरिहार्य आहे.

विलंबाचे गणित

ही कार्यपद्धती वाटते तितकी गहन नाही. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर वेगाने जातो. सतरा-साडेसतरा मीटरवरील कड्यासमोर हाक मारली, तर ती जाऊन परत येण्यास सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे १०० मिलिसेकंद लागतात आणि हाक व पडसाद वेगवेगळे ऐकू येतात, हे शाळेतच शिकविले जाते. विजापूरच्या गोल घुमटातील सज्जात उच्चारलेला शब्द पुनःपुन्हा परत येतो, तोही याच न्यायाने. पडसाद याहून लवकर परतला तर मात्र कानाचा न्याय बदलतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाचे या विषयावरील प्रयोग १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ बोलण्यानंतर सुमारे ३० मिलिसेकंदांच्या आत आलेली प्रतिकृती कान वेगळी ओळखत नाही, ती मूळ आवाजातच विरघळते आणि आवाज अधिक भरीव वाटतो, असे त्यांतून दिसून आले. विलंबाचे सारे शास्त्र या एका सीमारेषेच्या अलीकडे-पलीकडे उभे आहे.

यंत्राने विलंब निर्माण करण्याची पहिली सर्वमान्य युक्ती ध्वनिफितीची होती. फितीवर आवाज मुद्रित करणारे टोक आणि तो वाचणारे टोक यांत ५ सेंटिमीटरचे अंतर असेल आणि फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने धावत असेल, तर आवाज सुमारे २६० मिलिसेकंद उशिरा ऐकू येईल. फितीचा वेग दुप्पट केला की तो विलंब निम्म्यावर येईल. मेम्फिस येथील सन स्टुडिओत सॅम फिलिप्स यांनी १९५४ पासून एल्व्हिस प्रिस्लेच्या आवाजाला जो एकच चटकन येणारा पडसाद दिला, तो अशाच फितीचा होता. परत आलेला आवाज थोडा पुन्हा फितीवर सोडला की पडसादाचाही पडसाद उमटतो. किती आवाज असा परत सोडावयाचा हे ठरविणाऱ्या बटणाला फीडबॅक म्हणतात. ते प्रमाण वाढत गेले की पडसाद विरण्याऐवजी साचू लागतात आणि अखेरीस मूळ गाणे त्यांच्या गोंगाटात बुडते. जपानच्या रोलँड कंपनीचे १९७४ मधील स्पेस इको हे यंत्र याच तत्त्वावर चालत असे आणि त्याच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या संगणकप्रणाली आजही वापरात आहेत.

फितीच्या पाठोपाठ इलेक्ट्रॉनिक्सने आपला मार्ग काढला. फिलिप्स कंपनीच्या सँगस्टर आणि टीअर या संशोधकांनी १९६९ मध्ये एक नवे मंडल मांडले. आग लागली असता विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग उभी राहते आणि पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे सरकतात. त्याचप्रमाणे या मंडलात विद्युत्भाराचे लहान लहान अंश एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सरकत जातात आणि त्या प्रवासाला लागणारा वेळ हाच विलंब होतो. त्यानंतर अंकीय यंत्रे आली आणि विलंब मिलिसेकंदाच्या अंशापर्यंत अचूक निवडता येऊ लागला. अचूकता हाती आली, परंतु निवड करण्याची जबाबदारी त्यामुळे कमी झाली नाही. उलट ती वाढली.

कंप आणि कोरस

विलंब स्थिर न ठेवता सतत किंचित कमीजास्त करीत राहिले की परिणामांचे दुसरे कुटुंब जन्माला येते. स्थानकाकडे येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी भासते आणि दूर जाणारीची उतरी भासते. विलंब कमी होत असताना प्रतिकृतीचा स्वर तसाच क्षणभर चढतो आणि विलंब वाढत असताना उतरतो. सुमारे २० ते ३० मिलिसेकंदांच्या अशा हलत्या प्रतिकृतीला मूळ आवाजात मिसळले की एकाच गळ्यातून अनेक गळे गात असल्याचा भास होतो. यालाच कोरस म्हणतात. भजनी मंडळातील दहा जण एकच चरण म्हणतात, तेव्हा त्यांचे स्वर आणि काळ तंतोतंत जुळत नाहीत. त्या सूक्ष्म फरकातूनच समूहगायनाला रुंदी येते. कोरस यंत्र या नैसर्गिक फरकाचीच नक्कल करते. रोलँडच्या १९७५ मधील जाझ कोरस ध्वनिवर्धकाने आणि १९७६ मधील बॉस कंपनीच्या सीई-१ या पेडलने हा आवाज जगभरच्या गिटारवादकांच्या पायाशी आणून ठेवला.

विलंब आणखी कमी करून काही मिलिसेकंदांवर आणला तर वेगळीच गंमत घडते. मूळ आवाज आणि प्रतिकृती समान बळाने मिसळल्या असतील आणि विलंब १ मिलिसेकंद असेल, तर ५००, १५००, २५०० अशा आंदोलनसंख्यांचे ध्वनी परस्परांना मारून टाकतात. ध्वनीच्या आलेखात जणू कंगव्याचे दात उमटतात. विलंब हलता ठेवला की हे दात खाली-वर सरकतात आणि विमान डोक्यावरून जावे तसा घरघरता झोत ऐकू येतो. या परिणामाला फ्लँजर म्हणतात. दोन ध्वनिमुद्रकांवर एकच गाणे वाजवून एकाच्या फितीच्या चकतीची कड बोटाने दाबावयाची, ही त्याची मूळ युक्ती होय. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत केन टाउनसेंड यांनी १९६६ मध्ये बीटल्ससाठी आवाज आपोआप दुहेरी करण्याची पद्धत शोधून काढली. तेच गाणे पुन्हा तंतोतंत गाण्याचा जॉन लेनन यांना कंटाळा होता, हे तिचे तात्कालिक निमित्त. फेझर हा फ्लँजरचाच जवळचा नातलग असला तरी त्यातील दात विलंबाने पडत नाहीत. ध्वनीच्या लहरींची कला बदलणारी मंडले ते पाडतात आणि हे दात समान अंतरावरही नसतात. जिमी हेंड्रिक्स यांनी १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या व्यासपीठावर वापरलेले युनि-व्हाइब हे या जातीचे यंत्र होते.

या कुटुंबातील आणखी दोन नावांची सदैव गल्लत होते. स्वराची उंची हलली तर तो व्हायब्रॅटो आणि आवाजाचे बळ कमीजास्त झाले तर तो ट्रेमोलो. अमेरिकेतील फेंडर कंपनीने मात्र आपल्या ध्वनिवर्धकांवरील ट्रेमोलोला व्हायब्रॅटो म्हटले आणि गिटारवरील स्वर हलविणाऱ्या दांड्याला ट्रेमोलो म्हटले. जगभरचे वादक तेव्हापासून या उलट्या नावांचे ओझे वाहत आहेत. खुद्द उत्पादकच अशी गफलत करतो, तेथे यंत्रावरील नावापेक्षा कानावर विश्वास ठेवणे श्रेयस्कर.

रागसंगीताची कसोटी

हे सर्व परिणाम भारतीय संगीताला सर्वस्वी परके आहेत, असे समजण्याचे कारण नाही. तंबोऱ्याच्या जोडाच्या दोन तारा एकाच षड्जात मिळवितात. त्यांपैकी एकीची आंदोलने सेकंदाला २४० आणि दुसरीची २४१ असतील, तर नाद सेकंदाला एकदा फुलतो आणि मिटतो. हार्मोनियममध्ये एकाच स्वराच्या दोन सुरी किंचित वेगळ्या लावल्या असता येणारा थरार याच तत्त्वाचा आहे. जवारीवर झणकारणारी तार आणि तरफांची रेंगाळती गुंजन यांनी भारतीय कानाला फार पूर्वीच हे शिकविले आहे की स्वराभोवतीचे वलय हे स्वराचे शत्रू नव्हे. फरक इतकाच की तंबोऱ्याचे वलय गायक स्वतः जुळवितो.

तथापि रागसंगीताची एक अट पाश्चात्त्य संगीताहून वेगळी आहे आणि तिचा विसर पडणे महागात पडते. राग हा एकामागून एक येणाऱ्या स्वरांचा आलेख आहे. विलंबाचे यंत्र गेलेल्या स्वराला पुढच्या स्वराच्या अंगावर आणून उभे करते. गिटारवादक एकाच स्वरसंघातील स्वर वाजवीत असेल, तर मागचा आणि पुढचा स्वर परस्परांना पूरक ठरतात आणि सुंदर जाळी विणली जाते. तोडीत कोमल ऋषभावरून षड्जावर येणाऱ्या गायकाची स्थिती निराळी आहे. षड्ज लागावा त्याच क्षणी यंत्रातून कोमल ऋषभ परत येतो आणि जो विसावा श्रोत्याला मिळावयाचा त्यात काटा सलतो. सेकंदाला आठ स्वरांच्या तानेत प्रत्येक स्वर १२५ मिलिसेकंदांचा असतो. पडसाद २५० मिलिसेकंदांनी आला तर प्रत्येक स्वरावर दोन घरे मागचा स्वर येऊन बसतो आणि दाणेदार तानेचा चिखल होतो.

कोरसची गोष्ट आणखी नाजूक आहे. दरबारी कानड्यातील कोमल गांधार स्थिर नसतो, तो आंदोलित असतो. त्या आंदोलनाची गती आणि खोली किती ठेवावयाची, यात गायकाची तालीम आणि त्याचे घराणे प्रकट होते. कोरस यंत्रावरही नेमकी हीच दोन बटणे असतात : गती आणि खोली. गायकाच्या आंदोलनावर यंत्राने आपले दुसरे आंदोलन चढविले की कोणते कोणाचे हे श्रोत्याला कळेनासे होते. जो स्वर शिकण्यासाठी वर्षे वेचली, तो एका कळीच्या दाबासरशी पुसला जातो. हा दोष यंत्राचा म्हणता येणार नाही. दोन आंदोलने एकत्र नांदत नाहीत हे ज्याला ठाऊक असावयास हवे, त्याने ते सांगितलेले नसते.

लयीशी इमान

विलंबाचा खरा संबंध लयीशी आहे, हे पाश्चात्त्य वादकांनी लवकर ओळखले. मिनिटातील मात्रांच्या संख्येने ६०,००० ला भागले की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर मात्रा ५०० मिलिसेकंदांची. पडसाद ५०० वर ठेवला तर तो पुढच्या मात्रेवर पडेल आणि २५० वर ठेवला तर अर्ध्या मात्रेवर. आयर्लंडच्या यू-टू वाद्यवृंदातील एज या गिटारवादकाने १९८७ च्या ‘द जोशुआ ट्री’ या ध्वनिमुद्रिकेत पडसाद पाऊण मात्रेवर ठेवून एका हाताच्या साध्या वाजविण्यातून दुहेरी बोलांचे विणकाम उभे केले. जमैकातील किंग टबी यांनी १९७० च्या दशकात तर मिक्सरलाच वाद्य मानले आणि पडसाद कोठे उमटावा, कोठे थांबावा यावर एक नवी संगीतशैली उभारली. या दोघांजवळ विलंबाची मात्रा मोजणारा कान होता आणि त्यांच्या यशाचे मर्म त्या कानातच होते.

पाऊण मात्रा, दीडपट, आड आणि कुआड यांचे हिशोब बोटांवर करणाऱ्या तबलजीला हे गणित कितीसे अवघड जावे? तरीही भजनाच्या कार्यक्रमात काय घडते ते पाहण्यासारखे आहे. आरंभी मिनिटाला १५० मात्रांची लय असताना ४०० मिलिसेकंदांचा पडसाद योगायोगाने बरोबर मात्रेवर पडतो. गजर रंगत जातो, लय २०० वर पोहोचते, मात्रा ३०० मिलिसेकंदांची होते आणि पडसाद मात्र ४०० वरच अडून राहतो. आता तो पुढील मात्रेनंतर एकतृतीयांश मात्रा उलटल्यावर येतो. टाळकरी एका लयीत, यंत्र दुसऱ्या लयीत, अशी ओढाताण सुरू होते. मग तबलजी जोराने वाजवितो, गायक आवाज चढवितो आणि साऱ्यांना वाटते की ध्वनियंत्रणाच सदोष आहे. लयीबरोबर दाबत गेल्यास विलंब आपोआप बदलणारी कळ अनेक यंत्रांवर असते. ती दाबणारा हात तालाचा जाणकार असला पाहिजे, एवढीच तिची अपेक्षा आहे.

शब्दांची हानी याहून मोठी आहे. अभंगाचा प्राण त्याच्या शब्दांत आहे. मराठीतील जोडाक्षरे आणि चरणाच्या शेवटी येणारी यमके स्वच्छ ऐकू आली नाहीत, तर श्रोत्याच्या हाती केवळ चाल उरते. ज्ञानोबा-तुकोबांचे शब्द लोकांपर्यंत पोहोचावेत म्हणून ध्वनिवर्धक लावावयाचे आणि त्याच ध्वनिवर्धकातील पडसादाने ते शब्द अस्पष्ट करावयाचे, हा उफराटा न्याय गावोगाव चालू आहे.

विलंब शब्दांचा शत्रूच असतो, असा निष्कर्ष मात्र यावरून काढता कामा नये. मोठ्या मंडपात व्यासपीठापासून ७० मीटरवर दुसरा ध्वनिवर्धक लावला, तर तारेतून त्याच्याकडे आवाज तत्काळ पोहोचतो आणि व्यासपीठाजवळच्या ध्वनिवर्धकाचा आवाज तेथे हवेतून सुमारे २०० मिलिसेकंदांनी येतो. मागच्या रांगांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. दूरच्या ध्वनिवर्धकाला २०० मिलिसेकंद आणि वर दहा-वीस मिलिसेकंदांचा विलंब दिला की दोन्ही आवाज एकजीव होतात आणि हास यांच्या प्रयोगांना अनुसरून आवाज व्यासपीठाकडूनच आल्याचा भास होतो. जे साधन शब्द पुसते तेच येथे शब्द राखते. औषध आणि विष यांतील भेद पुष्कळदा मात्रेचाच असतो, ही आयुर्वेदाची जुनी शिकवण या बाबतीत शब्दशः खरी ठरते.

विद्यार्थ्याचा कान

सर्वांत चिंतेची बाब विद्यार्थ्यांची आहे. आज मोबाइलवरील गाण्याच्या उपयोजनांत आणि स्वस्त मिक्सरमध्ये पडसाद आयताच मिळतो. अनेक मुले आपला आवाज प्रथम ऐकतात तोच या आवरणासह. कोरस मूळ स्वराच्या वर-खाली झुलत असल्याने किंचित बेसूर लागलेला स्वर त्यात खपून जातो. पडसाद स्वराचे तुटलेले टोक झाकतो आणि श्वास कोठे अपुरा पडला ते लपवितो. ज्या दोषाची जाणीव होत नाही त्याची दुरुस्तीही होत नाही. स्पर्धेत किंवा परीक्षेत केवळ तंबोरा आणि उघडा आवाज एवढेच समोर आले की विद्यार्थी गोंधळतो आणि आपला आवाज बसला असावा, अशी स्वतःची समजूत घालतो. आवाज बसलेला नसतो. तो कधी स्पष्ट ऐकलेलाच नसतो.

यावर बंदी हा उपाय नव्हे. रियाज उघड्या आवाजात करावा आणि व्यासपीठावर परिणाम जाणीवपूर्वक योजावेत, इतका विवेक शिक्षकाने रुजविला तरी पुष्कळ साधेल. संगीताच्या शास्त्रभागात श्रुती, थाट, आंदोलनसंख्या यांच्या व्याख्या विद्यार्थी पाठ करतातच. त्यांच्या जोडीला विलंब, पडसाद, कोरस यांचे चार धडे आणि एखाद्या साध्या मिक्सरवर तासभराचे प्रात्यक्षिक असावे. डोळे मिटून ३०, १०० आणि ४०० मिलिसेकंदांचा फरक ओळखणे, ही स्वर ओळखण्याइतकीच उपयुक्त कानाची कसरत आहे. शाळांतील विज्ञानशिक्षक आणि संगीतशिक्षक एका तासासाठी एकत्र आले, तर पाठ्यपुस्तकातील पडसादाचा रुक्ष धडाही जिवंत होईल.

ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्यालाही या विचारात सन्मानाचे स्थान मिळाले पाहिजे. त्याला ‘माइकवाला’ म्हणून बाजूला बसविण्याची रीत कालबाह्य झाली आहे. तो तबलजीइतकाच साथीदार आहे. कार्यक्रमापूर्वी साथीदारांशी लय आणि पट्टी यांची बोलणी होतात, त्याच बैठकीत कोणत्या गीताला किती विलंब, किती पडसाद आणि कोठे संपूर्ण विराम, हेही ठरावे. ‘जरा इको द्या’ या मोघम मागणीऐवजी ‘या चरणाला अर्ध्या मात्रेचा एकच पडसाद, हलका’ असे गायक सांगू लागला, तर साथीदाराचे कामही सोपे होईल आणि चुकीचे खापर फोडण्यास कोणाला जागा उरणार नाही.

विजेची साधने आली तेव्हा गळ्याची थोरवी संपली, असे भाकीत अनेकांनी केले होते. ते खरे ठरले नाही, कारण ज्या कलावंतांनी ध्वनिक्षेपकाचा स्वभाव ओळखला त्यांनी हळुवार उच्चारालाही मोठ्या सभागृहात स्थान मिळवून दिले. विलंबाच्या यंत्राशीही असाच परिचय व्हावयास हवा. स्वर गायकाचा असेल, लय त्याची असेल, तर परत येणाऱ्या स्वराची वेळही त्यानेच ठरविली पाहिजे. मात्रा या शब्दाला मराठीत तालाचे माप आणि औषधाचे प्रमाण असे दोन्ही अर्थ आहेत. प्रतिध्वनीच्या बाबतीत ते दोन्ही अर्थ एकाच वेळी सांभाळणे, यातच संगीतकाराची कसोटी आहे.